आत्याचं नाक आणि दादाचं थरांचं

आत्याचं नाक दिसायला म्हणाल तर काहीच नव्हतं. बुटकं, चपटं, चष्मा धड टिकायचा नाही असं. तिचा दादा तिला लहानपणापासून 'नकटे' अशीच हाक मारायचा आणि आत्याचे केस पांढरे झाले तरी त्याने ती हाक बदलली नव्हती. पण त्या एवढ्याशा नाकाचा दरारा असा, की घरातली माणसं काय, आलेगेले काय, सगळे त्याच्यापुढे जपून असायचे.

आत्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीत कामाला होती. गिऱ्हाइकाने गाठोडं काउंटरवर ठेवलं, की गाठ सोडायच्या आधीच ती सांगायची, "हा कोट ट्रंकेत पडून होता ना बरीच वर्षं?" किंवा, "चादरी ओल्याच घडी केल्यात." गिऱ्हाईक चपापायचं. कुणी म्हणायचं, "आत्या, तुम्ही पोलिसांत जायला हवं होतं." त्यावर ती म्हणायची, "तिथे इस्त्री कोण देणार माझ्या हातात?" खरं तर या लोकांची ती कुणाचीच आत्या नव्हती. तिची भाची शाळेतून येताना लाँड्रीच्या दारातून "आत्याऽ" अशी आरोळी ठोकायची, ती ऐकून ऐकून सगळा रस्ता तिला आत्या म्हणायला लागला. लाँड्रीचा मालकही म्हणायचा, आणि तो तिच्याहून मोठा होता.

लग्न तिने केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर "कुणाचा वास सोसला नाही" म्हणून मोकळी व्हायची. दादाच्या घरात स्वयंपाकघरामागची खोली तिची. एक खिडकी, एक पलंग, आणि दाराला लटकवलेलं कपड्यांचं हँगर, तेही लाँड्रीतलंच. ती भावाकडे राहते हे तिला कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण माणूस स्वतःच स्वतःला बोलून दाखवायला लागला तर त्याला कोण काय करणार? आत्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. दादाची पेन्शन घर चालवते, वहिनीचे हात घर चालवतात, आणि आपण या घरात आहोत ते आपल्या नाकावर.

तसं म्हणायला कारणही होतं. संध्याकाळी वहिनी फ्रीज उघडायची आणि एकेक भांडं आत्याच्या नाकाखाली आणून धरायची. परवाचं सूप. मागच्या आठवड्यातला का त्याच्या आधीच्या आठवड्यातला, हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं असा सॉस. आत्या डोळे मिटायची, बारीकसा श्वास घ्यायची आणि निकाल द्यायची. "पास." नाहीतर, "टाका." त्यावर अपील नसायचं. भाची, जिला घरात सगळे चिमणी म्हणायचे, लहान असताना शाळेचा निकाल लागला की प्रगतिपुस्तक आधी आत्याच्या नाकाखाली धरायची.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. आत्याचं नाक आहे म्हणून घरातली माणसं बिनघोर झाली होती. जेवण झालं की उरलेलं तसंच ओट्यावर, झाकण ठेवून, तासन् तास. कुणी गप्पा मारत बसायचं, कुणी डुलकी काढायचं. फ्रीजमध्ये भांडं कधी गेलं, कधीपासून आहे, कुणाला पत्ता नसायचा. "आत्या बघेल की," एवढं म्हटलं की झालं.

आणि मग त्या हिवाळ्यात आत्याला सर्दी झाली.

सर्दी गेली, वास परत आला नाही. आत्याला ते कळलं लाँड्रीत, साबणाच्या पावडरीचं नवीन पोतं उघडताना. ते पोतं उघडलं की वास मस्तकात जातो, मालक तर चार हात लांब उभा राहतो. आत्याने पोतं उघडलं, वाकली, आणि काही नाही. तिने मूठभर पावडर हातात घेऊन पाहिली. काही नाही. मग ती मागे जाऊन मेकॅनिकच्या तेलकट डगल्यात तोंड खुपसून उभी राहिली. मालक म्हणाला, "आत्या, बरं वाटत नाही का?" आत्या म्हणाली, "डाग बघतेय."

घरी तिने अवाक्षर काढलं नाही. चार दिवसांत येईल, आठवड्यात येईल, असं म्हणता म्हणता थंडी सरली. तोवर आत्याने नाना युक्त्या केल्या. वहिनी भांडं घेऊन आली की आत्या आधी वहिनीचं तोंड बघायची. वहिनीने नाक मुरडलं असेल तर "टाका". वहिनीचं तोंड साधं असेल तर भांडं उजेडाला धरायचं, चमच्याने ढवळून बघायचं, तार येते का, बुळबुळीत झालंय का, कडेला काही उगवलंय का. मग डोळे मिटून श्वास घ्यायचा, सवयीप्रमाणे, आणि निकाल द्यायचा.

मधे काही दिवस तिने चिमणीच्या बोक्यालाही कामाला लावून पाहिलं. बोका खाईल ते पास, असा साधा विचार. पण तो बोका म्हणजे नवाबच. ताज्या माशाकडे पाठ करून बसायचा आणि पिशवीचं प्लास्टिक चघळायचा. त्याच्या भरवशावर आत्याने एका दुपारी नुकतं उतरवलेलं खिमट फेकायला लावलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "वन्सं, अहो, याला अजून वाफ येतेय." बोका त्या दिवसापासून बडतर्फ.

शेवटी आत्या गुपचूप नाकाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या, आणि जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच डबा उघडून बसल्या होत्या.

"आधी का नाही आलात?" त्यांनी नाकात बॅटरी मारून पाहत विचारलं.

"आधी वाटलं, रागावून गेलंय, येईल."

"येईलही. हळूहळू येतं कधी कधी. कधी कधी नाही येत. जबरदस्ती काही करता येत नाही." बाई परत खुर्चीत बसल्या. "गॅस, धूर याच्याकडे मात्र लक्ष ठेवा. घरच्यांना सांगितलंत ना?"

आत्याने तो प्रश्न ऐकलाच नाही असं केलं. म्हणाली, "मग शिळं खराब झालं की नाही, हे कसं ओळखायचं हो बिननाकाच्या माणसानं?"

"नाकवाल्या माणसानं जसं ओळखायला हवं तसंच," बाई म्हणाल्या. "आंबलं, बुरशी आली, चिकट झालं, डब्याचं झाकण फुगलं, तर ते टाकायचंच, त्यात प्रश्न नाही. पण ज्यानं माणूस आडवा होतो ना, ते बरेचदा दिसायला छान आणि वासालाही छान असतं. म्हणून अन्नाला नाही विचारायचं, माणसांना विचारायचं. चुलीवरून उतरवल्यावर बाहेर किती वेळ होतं? दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं का? तिथे किती दिवस आहे? तीनचार दिवसांच्या वर ठेवायचंच नाही."

"म्हणजे मी इतकी वर्षं हुंगून पास-नापास करत होते, ते?"

बाईंनी घास गिळला. "तुमचं नाक चांगलं असणार," त्या म्हणाल्या, "आणि घरच्यांचं नशीब त्याहून चांगलं."

आत्या रस्त्याने निघाली ती निम्मी रुसलेली, निम्मी हसू दाबत. आयुष्यभर ज्या खुर्चीत बसलो ती खुर्ची मुळात नव्हतीच, असं कळल्यावर माणसाने काय करायचं? पण लाँड्रीपाशी येईतो तिचा रुसवा निवळला होता, कारण बाईंनी सांगितलेली गोष्ट तिला दुसऱ्या नावाने आधीपासून माहीत होती. इस्त्रीखालून निघालेला गरम कपडा ती कधीच लगेच पिशवीत भरू द्यायची नाही. नवी कामवाली घाईघाईने गरम गठ्ठा प्लास्टिकमध्ये कोंबायला लागली की आत्या तिचा हात धरायची. आधी एकेक पसरून ठेव, वाफ जाऊ दे, मग घडी, मग गठ्ठा. नाहीतर वरचा कपडा गार लागतो आणि आतला ऊब धरून बसतो. त्या उबेत काय काय उगवतं ते गिऱ्हाईक आठवड्याने काउंटरवर आणून आपटतं. पिशवी भरायच्या दिवशी मात्र वास कसा, एकदम स्वच्छ.

तेव्हापासून आत्याचा निकाल बदलला. भांडं नाकाखाली धरायची, डोळे मिटायची, पण मिटल्या डोळ्यांनी विचारायची, "हे ओट्यावर किती वेळ होतं?" "गार कशात केलं?" "एवढ्या खोल पातेल्यात का ठेवलंत, मधलं गार व्हायला उद्या उजाडेल." लाँड्रीत कपड्यांना टाचायच्या चिठ्ठ्या असतात, त्यातल्या मूठभर तिने घरी आणल्या आणि डब्यांवर वार लिहून चिकटवायला लागली. वहिनी म्हणाली, "वन्सं, माझ्या फ्रीजची लाँड्री केलीत." चिमणी म्हणायची, "आत्या आता हुंगत नाही, उलटतपासणी घेते." दादा म्हणायचा, "नकटे, म्हातारपणी माणसाचं नाक मंद होतं म्हणतात. तुझी जीभ का चालायला लागली?" सगळे हसायचे. आत्याही हसायची, आणि घाईने पुढचं झाकण उघडायची.

याच सुमारास दादाच्या डोक्यात स्वयंपाक शिरला.

दादा पाणीखात्यातून निवृत्त झाला होता. जन्मभर त्याने लोकांच्या घरांतले नळ मोजले, पण स्वतःच्या घरात ग्लासभर पाणी हाताने घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्याने जाहीर केलं की रविवारी जुन्या कचेरीतली दोस्तमंडळी जेवायला येतील आणि मुख्य पदार्थ तो स्वतः करेल. ओव्हनमधला. खाली बटाट्याच्या चकत्या, वर उकडलेल्या कोंबडीचे तुकडे, मग फ्लॉवर, मग दुधामैद्याचा पांढरा सॉस, परत बटाटे, आणि सगळ्यांवर चीज. त्याला नाव काय, हे त्यालाही सांगता येईना, म्हणून घरात त्याला थरांचं म्हणायला लागले. तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. बटाटा किती जाड कापायचा यावरून त्याने वहिनीशी वाद घातला आणि पट्टी आणून बटाटा मोजला.

रविवारी लाँड्रीत गर्दी, आत्या सकाळीच गेली. संध्याकाळी आली ती पाय सुजवून, दूध पिऊन झोपली. चिमणीचीही कामाची पाळी होती, ती उशिरा आली आणि बाहेरूनच खाऊन आली. दोस्तमंडळींनी मात्र ताटं चाटून पुसून ठेवली होती. दादाने ही बातमी झोपलेल्या आत्याच्या दाराबाहेरून दोनदा मोठ्याने सांगितली.

सोमवारी आत्याला आणि चिमणीला, दोघींनाही सुट्टी. दुपारी दादा खांद्यावर नॅपकीन टाकून, हॉटेलातल्या मुख्य आचाऱ्यासारखा, काचेचं मोठं भांडं घेऊन आला. निम्मं थरांचं त्याने मुद्दाम राखून ठेवलं होतं. वरचं चीज सोनेरी, कडा खरपूस. बघूनच कुणालाही भूक लागावी.

"हे चिमणीसाठी आणि तुझ्यासाठी," तो आत्याला म्हणाला. "घे नकटे, एकदा हुंग आणि मोकळं कर आम्हाला. पोटात कावळे कोकलतायत."

आत्या वाकली. डोळे मिटले. श्वास घेतला. नेहमीसारखंच, काही नाही.

"काल ओव्हनमधून काढलंस कधी?" तिने विचारलं.

"दुपारी, पाहुणे यायच्या आधी. झाली हिची उलटतपासणी सुरू."

"आणि फ्रीजमध्ये?"

"रात्री, झोपताना."

आत्याने डोळे उघडले. "मग मधे कुठे होतं?"

दादाची छाती फुगली. "ते विचार. त्यात तर माझं डोकं आहे. अर्धं वाढलं, अर्धं लगेच झाकण लावून त्या सहलीच्या पेटीत ठेवलं. ती जाड भिंतींची नाही का, त्या. वरून दोन टॉवेल आणि तुझ्या वहिनीची शाल. म्हटलं, चिमणी कधीही येवो, तिला गरम मिळालं पाहिजे. रात्री हात लावून बघितलं तर अजून कोमट. काय पेटी आहे."

आत्याला डोळ्यांपुढे प्लास्टिकमध्ये कोंबलेला गरम गठ्ठा दिसला. दुपारपासून रात्रीपर्यंत ऊब धरून बसलेला. त्यात दूध, त्यात कोंबडी.

"दादा, टाकून दे," ती म्हणाली.

वहिनीच्या हातातला वाढायचा चमचा तसाच राहिला.

"काय म्हणालीस?"

"टाकून दे. खायचं नाही ते."

दादाने भांडं स्वतःकडे ओढलं आणि वाकून हुंगलं. "मला तर कालच्यापेक्षा छान वास येतोय." मग भांडं वहिनीपुढे. वहिनीने हुंगलं, आत्याकडे बघितलं, परत हुंगलं. "चांगला येतोय हो." मग चिमणी. तिने नाक जवळजवळ चीजमध्ये बुडवलं. "आत्या, अगं मस्त येतोय."

"घ्या," दादा म्हणाला. "तीन विरुद्ध एक."

"नाकांची निवडणूक नाहीये ही, दादा."

"मग गरम करून घेऊ. चांगलं रटरटवून. मग तर झालं?"

"डागाच्या शर्टावर गरम इस्त्री फिरवली तर डाग जातो का? गरम केल्यानं सगळंच जात नाही."

"तू याला शर्ट म्हणालीस?" दादाचा आवाज बदलला. "सरळ सांग ना, मी केलंय म्हणून. जन्मात पहिल्यांदा हाताने काही केलं, चार माणसांनी नावाजलं, आणि घरच्यांपुढे आल्यावर टाका. यापुढे मी त्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं तर बघ."

वहिनी डोळ्यांनी खुणावत होती, वन्सं, जाऊ द्या, एखादा कोपरा पास करा. चिमणीही आत्याकडे तशीच बघत होती. बापाचं तोंड इतकं उतरलेलं तिने पाहिलं नव्हतं.

"बरं," दादा म्हणाला, "तू म्हणतेस म्हणजे काहीतरी असेल. वास कसला येतोय तेवढं सांग. आंबट? कुबट? दूध नासल्यासारखा? तू वासाचं नाव सांग, मी आत्ताच्या आत्ता टाकतो."

आत्याला वाट मोकळी झाली होती. "कुबट" एवढा एक शब्द बोलली असती तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. दादाने कुरकुरत भांडं रिकामं केलं असतं, दूधवाल्याला शिव्या घातल्या असत्या, आणि नाकाचा मान होता तसा राहिला असता. शब्द तिच्या ओठांवर आलाही. पण मग दादा पुढच्या वेळी दुसरीकडून दूध आणणार, थरांचं करणार, आणि पुन्हा त्या पेटीत शालीखाली ऊबवत ठेवणार. त्या दिवशी आपण लाँड्रीत असलो तर? आणि त्या दिवशीही वास छानच आला तर?

"मला वास येत नाही," ती म्हणाली.

"मग खायला काय हरकत आहे?"

"तसं नाही. मला कशाचाच वास येत नाही. हिवाळ्यातल्या सर्दीपासून. नाक गेलंय माझं, दादा." आणि मग तिने एका दमात सगळं सांगितलं. साबणाचं पोतं, डॉक्टरीणबाई, दोन तास, तीनचार दिवस, गरम गठ्ठा, पेटी. थरांचं उत्तम झालं असणार, दोष त्यात नाही, ते ताटलीत ताटलीत पसरून गार करून वेळेत फ्रीजमध्ये ठेवलं असतं तर आज पहिला घास तिने घेतला असता. शेवटी ती म्हणाली, "आता काही मला नाक नाही. तेव्हा या घरात..." आणि चष्मा काढून पुसायला लागली.

दादा खुर्ची ओढून बसला.

"थांब," दादा म्हणाला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, पण रागाच्या नव्हत्या. "थांब जरा. मागच्या महिन्यात तू माझा शर्ट नाकाला लावून म्हणालीस, दादा, सिगरेट परत सुरू केलीस. मी तेव्हापासून हात लावलेला नाही. ते कसं ओळखलंस?"

"खिशात जळकी काडी होती."

"खिशात काडी होती," दादाने सावकाश म्हटलं. "मी काडीला घाबरून सिगरेट सोडली."

"आत्या," चिमणी पुढे सरकली, "आणि मी ऑफिस बुडवून फिरायला गेले होते तेव्हा? तू म्हणालीस, कपड्यांना समुद्राचा वास येतोय."

"बुटात वाळू होती गं."

"ऑफिस बुडवून?" दादा म्हणाला.

"बाबा, आत्ता आत्याचं चाललंय."

वहिनी खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज फुटला. "अहो वन्सं, आणि मी मेली चार महिने फ्रीज उघडायच्या आधी तोंड धुवून येतेय, माझ्या तोंडाला फोडणीचा वास असला तर तुमचा निकाल चुकेल म्हणून." मग चिमणीला आवरेना. आत्या एकेकाकडे बघत राहिली. ती तयारीत होती ती दुसऱ्याच कशाच्या तरी.

"हसताय काय," ती म्हणाली. "माझा काय उपयोग आता तुम्हाला?"

"उपयोग?" वहिनीने डोळे पुसले. "उपयोगाच्या हिशेबानं माणसं ठेवायची ठरवली, तर आधी तुमच्या दादांना बाहेर काढायला लागेल. बटाटा पट्टीनं मोजतात. तुम्ही बसा तिथे गप."

दादा उठला. त्याने काचेचं भांडं उचललं, सोनेरी चीजकडे एकदा डोळे भरून पाहिलं, आणि थरांचं वर्तमानपत्रात गुंडाळून, वर पिशवीची गाठ मारून बाहेरच्या डब्यात टाकून आला. "बोक्यालाही देऊ नका," आत्याने मागून सांगितलं. त्या दुपारी त्यांनी पाव आणि अंडी खाल्ली. खाताना दादा मधेच थांबून "काडी" असं म्हणायचा आणि पुन्हा सगळे हसायचे.

दादाच्या शपथेचं काय झालं म्हणाल, तर ती पुढच्या रविवारपर्यंतही टिकली नाही. या वेळी पाहुणे नव्हते, घरचेच चौघे. आत्याने लाँड्रीतून सुट्टी काढली होती. जेवण झाल्याबरोबर, कुणी हात पुसतंय तोवर, दादाने फर्मान काढलं की गप्पाबिप्पा नंतर. आत्याला त्याने खुर्चीतून उठू दिलं नाही. "तू फक्त बघ आणि ओरड," तो म्हणाला. उरलेलं थरांचं त्याने पसरट डब्यांत बोटभर उंचीने भरलं, थोडा वेळ उघडं ठेवून वाफ जाऊ दिली, पंख्याखाली उभा राहून स्वतः वर्तमानपत्राने वारा घातला. मग झाकणं, झाकणांवर चिठ्ठ्या, आणि डबे फ्रीजमध्ये असे सुटे सुटे, की मधून हवा खेळावी. फ्रीजचं दार लावून तो वळला तेव्हा नोकरीतल्या पहिल्या दिवसाएवढा घामाघूम होता.

सोमवारी त्यांनी एक डबा काढला. लागेल तेवढंच काढून, आतपर्यंत वाफा निघेस्तोवर गरम केलं. दादाने खरपूस कोपरा कापून आत्याच्या ताटात ठेवला. चव तिला फारशी कळली नाही, खारट तेवढं कळलं. पण दाताखाली कड कुरकुरली, आत बटाटा लोण्यासारखा मऊ लागला, आणि तिने तो कोपरा इतका सावकाश खाल्ला, की चिमणीने विचारलं, "आत्या, कसं लागतंय?" आत्या म्हणाली, "गरम. मऊ. कुरकुरीत. एवढं पुष्कळ झालं."

बुधवारी संध्याकाळी आत्या लाँड्रीतून येऊन पाय वर घेऊन बसली होती, तेव्हा वहिनीने फ्रीजपाशी उभी राहून हाक मारली.

"वन्सं, थरांच्याचा शेवटचा डबा राहिलाय. काय करायचं?"

"वर चिठ्ठी आहे ना?"

"आहे की. रविवार."

"मग मोजा. तुम्हाला वार मोजता येतात."

"येतात हो," वहिनी म्हणाली, आणि तरी डबा घेऊन बाहेर आली. आत्याच्या पुढ्यात झाकण उघडून उभी राहिली, पूर्वी राहायची तशीच. "पण तुम्ही म्हणाल तेव्हा."

आत्या बघतच राहिली. चिमणी हातातलं काम टाकून दाराशी आली होती. आत्याने चष्मा सारखा केला, डबा उजेडाला धरला, आणि घसा खाकरला.

"हा मधे कुणी बाहेर काढून ठेवला होता?"

"मी नाही," वहिनी म्हणाली.

"चिमणे?"

"नाही गं आत्या. शपथ."

"दादा?"

दादा वर्तमानपत्रामागे होता. वर्तमानपत्र हललं नाही. "मी बाहेर नाही काढला," मागून आवाज आला. "फ्रीजचं दार उघडून उभ्या उभ्या बघितला फक्त. आज दुपारी."

"नुसता बघितलास?"

"चमचाभर."

"चमचा एकदाच घातलास का चाटून परत घातलास?"

वर्तमानपत्र आणखी वर सरकलं.

"मग हा तुझा एकट्याचा," आत्याने निकाल दिला. "तुझा उष्टा डबा बाकीच्यांना नको. आजच संपव, उद्याला ठेवायचा नाही."

दादाने वर्तमानपत्र खाली टाकलं आणि इतक्या लगबगीने उठला, की चिमणी ओरडली, "बघ आत्या, यांनी मुद्दाम केलंय." तोवर डबा त्याच्या हातात गेला होता.

"आधी वाफ येईपर्यंत गरम कर," आत्याने स्वयंपाकघराकडे बघत आवाज चढवला. "मधे बोट घालून बघ, आत गार राहतं."

"बघतो, नकटे," तो आतून म्हणाला.